शेऱ्याचा रकाना

बाकावर बसल्या बसल्या त्याने खिशातून तिसरं पेन काढलं. सोमवार ते बुधवार निळ्या पेनाने झाले होते, शुक्रवारपर्यंत काळ्याने. शनिवार-रविवारसाठी हे तिसरं, शाई संपत आलेलं. त्याची अक्षरं फिकट, मध्येच तुटलेली येत. अशी अक्षरं खरी वाटतात, हे सतरा वर्षांच्या नोकरीने त्याला शिकवलं होतं.

तो विजेचे मीटर वाचायचा. घरोघरी जाऊन आकडे उतरवून घ्यायचे, एवढंच काम. एका जागी बसून भरलेला कागद कसा दिसतो हे त्याला ठाऊक होतं आणि त्याच्या साहेबांनाही: एकच शाई, एकच तिरपेपणा, आकडे परेडला उभे केल्यासारखे ओळीत. म्हणून तो पेनं बदलायचा. मध्येच एखादा आकडा खोडून पुन्हा लिहायचा.

मांडीवरच्या कागदावर वर छापलं होतं, ‘घरचा सराव, रोज पंधरा मिनिटं’. खाली पाच रकाने. तारीख, वेळ, काय खेळलो, आवाज किंवा शब्द, शेरा. वेळेच्या खाली सगळीकडे सहा लिहून चालत नाही. त्याने ६.०५ लिहिलं, ५.५०, ६.२०. गुरुवार रिकामा ठेवून शेऱ्यात ‘पाहुणे’ लिहिलं. एकही दिवस न चुकवणारा माणूस डोळ्यांत खुपतो. एखादा चुकवणारा सुटतो.

“झालं का भरून?” लेकीचे हात धुवून बायको नळावरून परत आली.

“कालचं तेवढं राहिलं होतं.”

“बघ, बाबा किती नीट लिहितात,” ती लेकीला म्हणाली.

साडेतीन वर्षांच्या लेकीने ऐकल्याचं काही दाखवलं नाही. तिच्या मुठीत डब्याचं एक स्टीलचं झाकण होतं. ते तिने बाकावर उभं धरलं, दोन बोटांनी पीळ दिला आणि सोडलं. झाकण गरगर फिरलं, कलंडलं, खणखणत आडवं झालं. तिने पुन्हा उचललं. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. पाळण्यातल्या नावाला ती ओ देत नव्हती, आणि या नावालाही नाही.

दार उघडलं. “भिंगरीचे आई-बाबा, या.”

स्पीच थेरपिस्ट मॅडम त्याच्याहून आठ वर्षांनी तरी लहान असाव्यात, पण इथे येणाऱ्या सगळ्या मोठ्यांना त्या आई आणि बाबा म्हणत. पहिल्या दिवशी त्याला त्याची गंमत वाटली होती. एरवी बायकोच लेकीला घेऊन दर सोमवारी सकाळी यायची. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती, दुपारी चार ते रात्री दहा. आज दहा आठवडे पूर्ण झाले म्हणून मॅडमनी दोघांनाही बोलावलं होतं, आणि त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

“बाबा, तुम्ही इकडे बसा. आई, तुम्ही तिथे. तिला खाली सोडा, खेळू दे.”

भिंगरी सतरंजीवर बसली आणि झाकण फिरवू लागली. मॅडमनी कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. सगळ्यात वर आजचा ठेवला, त्याच्यावरून बोट फिरवलं.

“मी स्पष्ट बोलते. पहिल्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं की माझ्याकडची पाऊण तासाची वेळ म्हणजे काही जादू नाही. मी आठवड्यातून एकदा दिसणारी बाई. खरं काम घरी, रोज थोडं थोडं. असं सांगितलं की आई-बाबा मान डोलावतात आणि पायऱ्या उतरेपर्यंत विसरतात. तुम्ही विसरला नाहीत.” त्यांनी गठ्ठा हातात तोलला. “सत्तरातले पासष्ट दिवस. सरावाची इतकी चोख वही माझ्याकडे दुसऱ्या कुणाचीही नाही.”

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. लग्नात तिच्या वडिलांनी त्याच्याकडे असं पाहिलं होतं, त्यानंतर कुणी पाहिलं नव्हतं.

“आणि म्हणूनच मला काळजी वाटते,” मॅडम म्हणाल्या.

खाली झाकण खणखणलं.

“सराव झाला नसता, तर मी म्हटलं असतं, आधी सराव करा, मग बघू. पण सराव झालाय. एवढं होऊनही मुलगी होती तिथेच आहे. म्हणजे मी धरलेला रस्ता तिच्यासाठी बरोबर नाही. किंवा कारण दुसरंच आहे, मला एकटीला न दिसणारं. मोठ्या केंद्रात पाठवते. तिथे चार जण मिळून तपासतात.”

“कानाचं काही...?” बायकोने विचारलं.

“कान आपण सगळ्यात आधी तपासले. कान उत्तम आहेत.”

“तिथे कधी बोलावतील?”

“सहा महिने. सातही लागतात.”

“मग तोपर्यंत इथे येतच राहू ना आम्ही?”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा घातलं. “आई, इथल्या केंद्राचा नियम आहे. दहा आठवडे पूर्ण सराव आणि बदल शून्य, तर पुढे पाठवायचं आणि वेळ रिकामी करायची. बाहेर अडतीस मुलं यादीत आहेत. तुमची सोमवारची वेळ मला पुढच्या मुलाला द्यावी लागेल.”

मॅडम, वही खोटी आहे. चार शब्द होते. ते त्याच्या जिभेवर आले, दातांपर्यंत पोचले. त्याने तोंड उघडलं.

“पाणी मिळेल का?” तो म्हणाला.

*

पहिले चार दिवस खरे होते.

मॅडमनी सांगितलं होतं, खूप सोपं आहे. जमिनीवर तिच्यासमोर बसायचं. ती झाकण फिरवते ना? मग आपणही झाकणच फिरवायचं. तिच्या हातातलं काढून चित्रांचं पुस्तक पुढे करायचं नाही. ‘हे काय, ते काय, म्हण बघू, बोल बघू’ असली उलटतपासणी करायची नाही. झाकण फिरलं की म्हणायचं, फिर. पडलं की म्हणायचं, पडलं. मग दुसरं झाकण हातात धरून गप्प बसायचं. मनात दहा आकडे मोजायचे. तिला जागा द्यायची. आवाज आला, नजर आली, हात आला, काहीही आलं तरी झाकण द्यायचं. नाही आलं तरी दहा झाल्यावर द्यायचं. पुन्हा.

त्याने केलं. फिर. पडलं. एक, दोन, तीन. ते दहा आकडे फार लांब होते. तेवढ्या वेळात तिच्या चेहऱ्याकडे बघत राहावं लागायचं, आणि त्या चेहऱ्यात तो कुठेच नसायचा. चार, पाच. ती त्याच्या हाताकडे बघायची, हातापलीकडे बघायची, भिंतीकडे बघायची. दहा. शून्य. पंधरा मिनिटांत असे वीस-बावीस शून्य जमायचे.

त्याच्या धंद्यात थांबणं नव्हतंच. दिवसाला एकशे वीस दारं. एक बेल, अर्ध्या मिनिटाने दुसरी बेल. दार उघडलं नाही तर ‘दार बंद’ अशी चिठ्ठी खालून सरकवायची आणि पुढे. त्या घराचा आकडा ऑफिस आधीच्या महिन्यांवरून काढायचं. त्याला सरासरी म्हणत. यात खोटं काही नव्हतं, पद्धत होती.

पाचव्या दिवशी तो एकशे एकतीस दारं करून आला. त्याची आई म्हणाली, “दमलायस रे. पड जरा. ती काय, कुठे पळून जातेय?” तो पडला. भिंगरीच्या हातात त्याने मोबाइल दिला. रविवारी कागद भरताना त्याने वेगळं काही केलं नाही. चार दिवस शून्य होतं, म्हणून पुढचे तीन दिवस शून्य. त्याने तिच्या नावावर एकही खोटा शब्द लिहिला नाही. याचा त्याला बरेच आठवडे थोडा अभिमानही वाटत होता.

*

घरी पोचल्यावर बायकोने चपलाही न काढता बहिणीला फोन लावला.

“नाही गं, त्यांनी एक दिवस सोडला नाही. मॅडम स्वतः म्हणाल्या, असा बाप बघितला नाही. मीच संध्याकाळी घरात नसते. मीच कमी पडले.”

तो मोरीत पाय धुवत होता. पाय धुवून झाले तरी तो पाणी ओतत राहिला.

जेवून बायको कामावर गेली तशी आई त्याच्या समोर येऊन बसली. घरात दिवसभर असणारं माणूस ती एकच होती. वहीतले पासष्ट दिवस सहाच्या सुमारास या खोलीत काय चालायचं, हे ती आणि तो दोघंच जाणत होते.

“सांगू नकोस,” आई म्हणाली.

“काय?”

“मला काय विचारतोस काय म्हणून. तोंडावर लिहिलंय तुझ्या. आता सांगून काय होणार? पोरगी बोलायला लागणार? नुसता घरात तमाशा. ती चार वाजता जाते, दहाला येते, उभ्याउभ्या पाय सुजतात तिचे. तिला हे ऐकवणार आहेस?”

“वेळ जाईल ना आई. सात महिने.”

“तूही चार वर्षांचा होईपर्यंत मुका होतास. डॉक्टरकडे नेलं नव्हतं तुला कुणी. आता बोलतोस की.”

“बोलतो?” तो म्हणाला.

आईने कूस बदलावी तशी मान वळवली. “झाकणं फिरवायला बाई ठेवलीय,” ती पुटपुटली. “आमच्या वेळी झाकणं डब्यांना लावायची.”

त्याला हसू आलं आणि हसू आल्याची लाज वाटली. आता सांगितलं तर बायकोच्या डोळ्यांतलं सकाळचं ते बघणं कायमचं जाणार. सांगितलं नाही तर लेकीच्या कागदावर ‘पूर्ण सराव, बदल शून्य’ असं लिहून जाणार, आणि मोठ्या केंद्रातली ती चार माणसं तिथूनच सुरुवात करणार. त्याने भरलेल्या आकड्यावरून.

*

मंगळवारी दुपारी तो एका लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पोचला. उजव्या हाताचं दार गेले कित्येक महिने बंद होतं. एक बेल. अर्धं मिनिट. दुसरी बेल. त्याने चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, भिंतीला टेकवलं आणि खिशातून पेन काढलं. ते तिसरंच निघालं. ‘दा’ उमटला आणि शाई संपली. त्याने पेन झटकलं, तळहातावर रेघोट्या मारल्या, तोंडाजवळ धरून त्यावर वाफ सोडली.

तेव्हा आतून आवाज आला. टक. मग काहीतरी घासलं. टक. पुन्हा घासलं.

तो थांबला. आवाज हळूहळू दाराशी आला. कडी निघायलाच बराच वेळ लागला. दारात चार पायांच्या वॉकरला धरून एक आजोबा उभे होते. बनियन, वर स्वेटर, आणि चेहऱ्यावर विजय.

“सापडलास! आज पळाला नाहीस?”

“पेन चालेना.”

“पेनाचे उपकार.” आजोबा वॉकरसकट वळले, वळायलाही तीन टप्पे लागले. “ये आत. मीटर बघायच्या आधी हे बघ.”

दारामागच्या खिळ्याला एक चिमटा होता. चिमट्यात चिठ्ठ्या. नऊ.

“वाच.”

“वाचायचं काय त्यात,” तो म्हणाला. अक्षर त्याचंच होतं. नऊही.

“मोठ्यानं वाच.”

“दार बंद.”

“तेव्हा घरात कोण होतं?”

त्याने चिमट्यातल्या चिठ्ठ्या सरळ केल्या.

“पहिली बेल होते तेव्हा मी पलंगावर असतो. दुसरी होते तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. आलो, आलो, असं ओरडतो मी. पण माझा आवाज हा असा. दाराबाहेर जात नाही. इथे येतो तर खाली चिठ्ठी.” आजोबांनी वॉकरचा एक पाय जमिनीवर आपटला. “अरे, मी घरातच असतो. जाणार कुठे?”

“किती वेळ लागतो तुम्हाला? दारापर्यंत?”

“मोजलाय. घड्याळ लावून. एक मिनिट चाळीस सेकंद. थंडीत दोन.”

तो मीटरशी गेला. चाक अगदी हळू फिरत होतं. एक दिवा आणि एक पंखा, एवढंच घर होतं. आकडा उतरवून घेताना त्याने तो दोनदा पडताळला. ऑफिसने नऊ महिने काढलेल्या सरासरीच्या तो आसपासही नव्हता.

“लिही नीट,” आजोबा मागून म्हणाले. “आणि पुढच्या महिन्यात पेन असंच आण.”

*

त्या संध्याकाळी पावणेसहाला तो घरी आला. आईने चहा पुढे केला, “पड जरा” म्हणाली. तो सतरंजीवर बसला.

“आज काय नवीन?” आईने विचारलं. मग ती आत निघून गेली.

फिर. पडलं. त्याने दुसरं झाकण हातात धरलं आणि मोजायला लागला. मॅडमनी दहा सांगितले होते. तो दहाला थांबला नाही. तीस, चाळीस. भिंगरी उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. सत्तर. ती त्याच्या मांडीपाशी पालथी पडली आणि फरशीला कान लावून राहिली. नव्वद. शंभर. काही झालं नाही. तिच्या केसांना साबणाचा वास येत होता. तिच्या मानेवर एक बारीक तीळ होता, तो त्याने याआधी पाहिला नव्हता.

त्याने झाकण तिच्या हातात दिलं. मग नवा कागद काढला, निळ्या पेनाने तारीख घातली. वेळ ६.०२ ते ६.१७. आवाज किंवा शब्द, शून्य. दहा आठवड्यांपूर्वीच्या त्या चौथ्या दिवसानंतरची ही पहिली खरी ओळ होती, आणि ती आधीच्या सगळ्या खोट्या ओळींसारखीच दिसत होती.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत तो केंद्रात गेला. मॅडम डबा खात होत्या.

“बाबा? आज गुरुवार ना?”

“मॅडम, वही खोटी आहे.”

त्यांनी घास खाली ठेवला.

“पहिले चार दिवस खरे. मग खोटं. परवा आणि काल पुन्हा खरं.” त्याने नवा कागद टेबलावर ठेवला. दोनच ओळी होत्या. “तुम्ही जे ठरवलंत ते माझ्या कागदावरून ठरवलंत. ते तुम्ही बदला. मुलीने काही केलेलं नाही. म्हणजे तिला कुणी काही करूच दिलेलं नाही.”

मॅडमनी कपाटातून जुना गठ्ठा काढला आणि पानं उलटली.

“वही तर अनेकजण भरतात हो. दारात गाडी थांबवून भरतात. मला कळतं. सगळीकडे एकच शाई असते.” त्या एका पानावर थांबल्या. “तुम्ही पेनं बदलायचात.”

“हो.”

“मधले दिवस रिकामे सोडायचात. पाहुणे, ताप, लाइट गेली. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं होतं, एक माणूस आहे, चुकलेला दिवसही लपवत नाही.” त्या हसल्या, पण ते हसू लगेच विझलं. “एवढी अक्कल वापरायला रोज जितका वेळ लागला असेल, तितक्यात...”

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांनी पुरं केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

“सोमवारची वेळ?” त्याने विचारलं.

“सोमवारीच फोन केला मी पुढच्यांना. दीड वर्ष थांबली होती ती बाई. फोनवर रडली. आता मी तिला काय सांगू?”

“नाही, नाही,” तो म्हणाला. “सांगू नका.”

“मोठ्या केंद्राची चिठ्ठी राहू द्या. तपासून घेण्यात तोटा नाही, तुमची वही खरी असली तरी आणि नसली तरी. पण वरचं मी खोडते. पूर्ण सराव नाही. चार दिवस सराव.” त्यांनी खोडलं, सही केली. “इथल्या यादीत तिचं नाव पुन्हा घालते. अडतिसावं येईल. आणि एक करू शकते. महिन्यातून एकदा, गुरुवारी, याच वेळेला, वीस मिनिटं. तिला आणू नका. तुम्ही या.”

“मी?”

“थांबायला शिकायचंय ना कुणालातरी? तिला येतं ते.” मॅडमनी डबा पुढे ओढला. “घरी सांगितलंत?”

“नाही.”

“मग आधी घरी.”

*

बायको चारच्या पाळीला निघायच्या तयारीत होती. केसांना पिना लावत होती. दोन पिना ओठांत धरलेल्या. त्याने दारात उभं राहून सांगितलं. सगळं सांगितलं: पेनं, पाहुणे, मोबाइल, सरासरी. आजोबांचं मात्र सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर स्वतःची बाजू मांडल्यासारखं झालं असतं.

तिने ओठांतल्या पिना काढल्या. आई आत भांडी लावत होती ती थांबली.

“अहो, पहिले चार दिवस तरी खरे?” बायकोने विचारलं.

“खरे.”

“चार दिवस,” ती म्हणाली. तिने एक पीन लावली, दुसरी लावायची राहिली. “मी माझ्या बहिणीला सांगितलं. दुकानात सांगितलं. रोज रात्री यायचे आणि तुमच्या अंगावर पांघरूण घालायचे मी. वाटायचं, बिचारा दमतो.”

“मी...”

“नका बोलू.” तिने पिशवी उचलली. “आता नका बोलू तुम्ही.”

तिने जिना उतरल्याचा आवाज त्याने शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला. भिंगरीने झाकण फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजच्या दारावर दोन कागद चिकटलेले होते. एकावर तिने वर लिहिलं होतं, ‘सकाळ’. दुसऱ्यावर, ‘संध्याकाळ’. सकाळच्या कागदावर एक ओळ भरलेली होती. ८.१० ते ८.२५. झाकणं. शून्य. शेऱ्याच्या रकान्यात काही नव्हतं.

*

सहा आठवडे दोन्ही कागदांवर शून्य उतरत गेले. घरात बोलणं कामापुरतं होतं. दूध आणलं का. किल्ली घेतली का. रात्री बायको आली की हातातली पिशवी न ठेवता आधी फ्रिजसमोर उभी राहायची, संध्याकाळच्या कागदावर बोट ठेवून आईला विचारायची, “हे खरंय?” आई म्हणायची, “खरंय बाई. मी इथेच बसलेले असते.” तो दुसऱ्या खोलीत जागा असायचा. सतरा वर्षांत त्याच्या आकड्यावर कुणी असा पहारा ठेवला नव्हता. त्याला तो नकोसा वाटत होता, असं म्हणता येणार नाही. पण पहारा ज्या दिवशी उठेल त्या दिवसाची तो वाट बघत होता, आणि तो दिवस येईल याची खात्री त्याला नव्हती.

एकदा त्याने आईला विचारलं, “तू कशाला बसतेस रोज?”

“बघायला,” आई म्हणाली. “तू किती मोजतोस ते. तुझे ओठ हलतात.”

सातव्या आठवड्यातल्या बुधवारी तो सतरंजीवर बसला होता. फिर. पडलं. दुसरं झाकण त्याच्या हातात. भिंगरी खिडकीकडे बघत होती. आठ, नऊ, दहा. वीस. चोविसाला ती वळली. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं. मग तिची नजर वर आली, त्याच्या हनुवटीवर थांबली, तिथून आणखी वर आली. फार तर एका श्वासाइतका वेळ. नंतर तिने त्याचं बोट धरलं, त्याच्याच हातातल्या झाकणावर आणून ठेवलं आणि दाबलं.

मग त्याने झाकण फरशीवर उभं केलं आणि तिच्या मुठीतल्या बोटाने पीळ दिला. झाकण फिरलं.

“फिर,” तो म्हणाला.

आईने दारातून पाहिलं होतं. ती चहा ठेवायला आत गेली आणि रोजच्यापेक्षा जोरात भांडी आपटू लागली.

सव्वासहाला तो फ्रिजसमोर उभा राहिला. तारीख लिहिली. ६.०० ते ६.१५. झाकणं. आवाज किंवा शब्द, इथे त्याचं पेन थांबलं. आवाज आला नव्हता. शब्द आला नव्हता. त्याने शून्य लिहिलं. ते खरं होतं. बोटासाठी रकाना नव्हता. शेऱ्याच्या रकान्याशी तो बराच वेळ उभा राहिला, मग त्याने दोन शब्द लिहिले आणि पेन खिशाला लावलं.

रात्री किल्ली फिरल्याचा आवाज आला. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून बायको फ्रिजसमोर गेली. तिचं बोट शून्यावर आलं, पुढे सरकलं.

आई वाट बघत बसली होती. सुनेने विचारायच्या आधीच तिने सांगायला तोंड उघडलं होतं. पण बायकोने काही विचारलं नाही. तिने पिशवी खाली ठेवली, आणि त्या ओळीवर, जिथे तिच्या नवऱ्याच्या अक्षरात ‘घरात आहे’ असं लिहिलं होतं, तिथे बोट ठेवून ती तशीच उभी राहिली. दुसऱ्या खोलीत तो आकडे मोजत होता.